आशाताईंचं प्रशिक्षण खरंच उपयोगी पडलं का, हे कसं ठरवतात?

किती जणींनी प्रशिक्षण घेतलं, हा आकडा नेहमी सांगितला जातो. पण हजेरीपट म्हणजे मूल्यमापन नव्हे! लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले, तरी घरभेटीत बाळाचा श्वास मिनिटभर नीट मोजला जातो का, हे तिथे जाऊनच बघावं लागतं.

त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, मृत्यू कमी झाले का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूतांच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास तसाच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. अर्थात, प्रशिक्षणासोबत औषधं, वजनकाटा आणि नियमित देखरेखही होती.