नालंदेच्या द्वाराशी उभा विद्यार्थी

नालंदा महाविहाराविषयी आपल्या व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून एक आकडा हटकून सांगितला जातो : दहा हजार विद्यार्थी आणि दीड हजार आचार्य. या आकड्याचे मूळ शोधू गेल्यास हाती लागते ते थोडे निराळे आहे. ह्युएन-त्संगचा शिष्य हुइ-ली याने लिहिलेल्या चरित्रात निवासी व आगंतुक मिळून दहा हजार भिक्खू तेथे असत, असे म्हटले आहे. सूत्रे व शास्त्रे यांचे वीस संग्रह विशद करू शकणारे एक हजार, तीस संग्रह जाणणारे पाचशे आणि पन्नास जाणणारे दहा, अशी गणतीही तेथेच आहे. या तीन संख्यांची बेरीज करून कोणीतरी ‘दीड हजार आचार्य’ सिद्ध केले असावेत. मूळ मजकुरात ही विद्वत्तेची प्रतवारी आहे, शिक्षकांचा हजेरीपट नव्हे. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी तेथे येऊन दहा वर्षे राहिलेला इ-त्सिंग भिक्खूंची संख्या तीन हजारांहून अधिक एवढीच देतो. आम्हांला इ-त्सिंगचा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. तीन हजारांनी नालंदेचे काही उणे होत नाही.

इ-त्सिंगवर आमचा विश्वास बसतो त्याला कारण आहे. हा भिक्खू विलक्षण बारकाईने पाहणारा होता. दंतकाष्ठ किती बोटे लांब असावे, चीवर कसे नेसावे, पाण्यातील जीवजंतू कसे तपासावेत, यांवर तो प्रकरणेच्या प्रकरणे लिहितो. तत्त्वज्ञानाच्या अपेक्षेने ग्रंथ उघडणारा वाचक कंटाळतो. आम्हीही विद्यार्थिदशेत कंटाळलो होतो. परंतु श्रीविजय येथे लिहून त्याने इ. स. ६९२ मध्ये चीनला पाठविलेल्या या वृत्तांतामुळेच सातव्या शतकातील विद्यार्थ्याचा दिवस आज आपल्याला जवळजवळ डोळ्यांनी पाहता येतो.

हा दिवस घटिकापात्रावर चाले. मोठ्या भांड्यातील पाण्यावर पातळ तांब्याची वाटी तरंगत असे. तिच्या तळाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र. वाटी भरून बुडाली की नगारा वाजे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात ‘घटका भरली’ म्हणत ते याच साधनावरून. सकाळी स्नानाची घंटा होई. विहाराच्या आसपास दहांहून अधिक मोठी तळी होती; स्नानवस्त्र घेऊन कधी शंभर, तर कधी हजार भिक्खू एकाच वेळी बाहेर पडत आणि वेगवेगळ्या तळ्यांकडे पांगत. दुपारपूर्वी भोजन. प्रकृतीसाठी सकाळी आणि दिवस कलताना चंक्रमण. संध्याकाळचे वंदन मात्र एकत्र होऊ शकत नसे, कारण आठ सभागृहांत आणि तीनशे खोल्यांत राहणारा एवढा मोठा संघ एका जागी मावणारा नव्हता. म्हणून एक पाठक ठिकठिकाणी फिरत राही. त्याच्यापुढे धूप व फुले घेतलेले उपासक आणि मुले असत, आणि प्रत्येक ठिकाणी तीन किंवा पाच श्लोक म्हणत तो अंधार पडेपर्यंत सर्व आवार पुरे करी.

खोल्यांचे वाटप दर वर्षी वर्षावासापूर्वी ज्येष्ठतेनुसार होई. म्हणजे नव्याने आलेल्याच्या वाट्याला शेवटची खोली. १९१५ पासून पुढे झालेल्या उत्खननात या खोल्या उघड्या झाल्या आहेत. निजण्याचा ओटा, भिंतीत कोनाडा, आणि दार उघडते ते चौकाकडे. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ती जागा परकी वाटणार नाही.

विद्यार्थी रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी गुरूकडे जाई. गुरू त्याला आधी बसवून घेई, त्याच्या कुवतीप्रमाणे पाठ देई आणि त्याच्या आचरणाची विचारपूस करी. शिष्याने गुरूचे अंग चेपावे, वस्त्रे घडी करावीत, खोली व अंगण झाडावे. आणि शिष्य आजारी पडला तर गुरूने स्वतः त्याची शुश्रूषा करावी, औषध आणावे, पोटच्या मुलासारखे त्याला जपावे. पाली विनयाच्या महावग्गात उपज्झाय व सद्धिविहारिक यांची जी परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत तीच येथे, हजार वर्षांनंतरही, दैनंदिन व्यवहारात दिसतात. सेवा दोन्ही बाजूंनी आहे, ही गोष्ट ‘गुरुसेवा’ या शब्दाला वचकून असलेल्या आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी.

हे झाले द्वाराच्या आतले. द्वाराशी काय घडत होते ते ह्युएन-त्संग सांगतो. बाहेरून वादासाठी येणाऱ्यास द्वारपाल कठीण प्रश्न विचारी, आणि दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत जात. (‘द्वारपंडित’ हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द विक्रमशिलेविषयीच्या तिबेटी परंपरेतला आहे, नालंदेला तो मागाहून चिकटला.) नालंदेचे नाव खोटेच लावून मान मिळविणारेही होते, असे तो नोंदवितो. बनावट पदव्यांचा धंदा आजचा नाही तर!

द्वारपालाचे प्रश्न शास्त्रांचे होते, कुळाचा प्रश्न त्या वृत्तांतात येत नाही, आणि याचा आपल्याला अभिमान वाटतो. तो रास्त आहे. पण आमच्या मते येथेच थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रश्नांची उत्तरे देण्याइतकी तयारी कोठून यायची? इ-त्सिंगने शिक्षणाचा क्रम दिला आहे. सहाव्या वर्षी वर्णमाला, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, दहाव्या वर्षापासून तीन वर्षे खिलपाठ, पंधराव्या वर्षापासून पाच वर्षे वृत्तिसूत्र, आणि हे सर्व मुखोद्गत. त्यानंतर तर्कशास्त्र आणि अभिधर्मकोश. मग मगधातील नालंदा किंवा सौराष्ट्रातील वलभी येथे दोन-तीन वर्षे. ज्याच्या घरी अक्षर नाही आणि ज्याला कोणत्याही विहाराने लहानपणी जवळ केले नाही, तो या द्वाराशी उभा राहिला तर काय बोलणार?

इ-त्सिंगला स्वतःला ही अडचण ठाऊक होती. तो ६७१ मध्ये चीनमधून निघाला तो थेट नालंदेस गेला नाही. वाटेत श्रीविजय येथे सहा महिने राहून त्याने शब्दविद्येचा अभ्यास केला, नंतर ताम्रलिप्तीस सुमारे वर्षभर संस्कृत शिकला, आणि मगच मगधाची वाट धरली. मायदेशीच्या भिक्खूंना त्याचा सल्लाही तोच आहे : भारतात जाऊ इच्छिणाऱ्याने आधी एक-दोन वर्षे श्रीविजयात राहावे, तेथील रीतिभाती भारतासारख्याच आहेत, त्या अंगवळणी पाडाव्यात आणि पुढे जावे. विद्यापीठात रुळण्याचे काम विद्यापीठाच्या अलीकडेच सुरू होते, हे त्याने अनुभवाने ओळखले होते.

दुसरी गोष्ट अन्नाची. हुइ-लीच्या म्हणण्याप्रमाणे राजाने शंभर गावांचे उत्पन्न नालंदेला दिले होते आणि त्या गावांतील दोनशे कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पोहोचवीत. इ-त्सिंगच्या काळी गावांची संख्या दोनशेहून अधिक झाली होती. अन्न, वस्त्र, निवारा, औषध यांसाठी विद्यार्थ्याला कोठे हात पसरावा लागत नव्हता, आणि तेथील अभ्यासाच्या पूर्णतेचे कारण हुइ-ली नेमके हेच देतो. ह्युएन-त्संगला रोज महाशाली तांदूळ, वीस सुपाऱ्या, वीस जायफळे आणि कापूर मिळत असे. पण तो सन्माननीय पाहुणा होता. विहारात आणखी एक वर्ग राहत होता, ज्याची चर्चा आपल्याकडे सहसा होत नाही. पुढे प्रव्रज्या घेण्याच्या इच्छेने शिकणारे गृहस्थ ‘माणव’ आणि केवळ लौकिक विद्या शिकू इच्छिणारे ‘ब्रह्मचारी’. या दोघांनाही आपला खर्च आपणच करावा लागे, कारण संघाची स्थायी मालमत्ता त्यांच्यावर खर्चणे विनयाला मान्य नव्हते. मात्र त्यांनी संघासाठी कष्टाचे काम केले असेल तर त्या मानाने त्यांना जेवण द्यावे, अशी मुभा होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेशी परिचित असलेल्या महाराष्ट्राला ही मुभा चटकन समजेल.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसनी रक्कम घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले, आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. हुइ-लीचे ते वाक्य त्यांनी स्वतःच्या देहावर वाचले होते, असे म्हणावेसे वाटते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय, ज्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. तेथे वर्गांच्या जोडीला वसतिगृहे उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या कित्येक मुलांना दोन वेळच्या जेवणाची आणि रात्रीच्या दिव्याची शाश्वती प्रथम तेथे मिळाली.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या पालीच्या वर्गात एक विद्यार्थी होता. सकाळच्या तासाला तो पेंगत असे आणि शब्दरूपे विचारली की खाली पाही. आम्ही त्याच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा लिहिला. दिवाळीनंतर तो आलाच नाही. त्याला वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, तो रात्री पहारेकऱ्याचे काम करून थेट वर्गात येत होता, हे आम्हांला पुढे त्याच्या मित्राकडून कळले. आम्ही त्याला विभक्त्या रोज विचारल्या. तो जेवतो कोठे हे एकदाही विचारले नाही. इ-त्सिंगचा गुरू शिष्याला आधी बसवून घेतो, हे तर आम्ही दर वर्षी वर्गात शिकवीत होतो.

त्या मुलाची आठवण झाली की आम्ही थेरगाथेतील चूळपंथकाकडे वळतो. अट्ठकथेप्रमाणे त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. वडील भाऊ महापंथक हा अर्हत होता, आणि संघात भोजनाची निमंत्रणे वाटून देण्याचे कामही त्याच्याकडेच होते. त्याने धाकट्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. जीवकाच्या घरचे निमंत्रण स्वीकारतानाही त्याने त्याला वगळले. चूळपंथक संघारामाच्या द्वाराशी खिन्न होऊन उभा राहिला. तथागत तेथे आले, त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरविला, दंडाला धरून त्याला आत नेले आणि त्याच्या हाती पाठाऐवजी कापडाचा एक तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी जीवकाच्या घरी भिक्खुसंघ बसला. जीवक दानाचे पाणी घेऊन पुढे आला, तेव्हा भगवंतांनी आपल्या पात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात कोणी भिक्खू मागे राहिला नाही ना? कोणीही नाही, असे महापंथक म्हणाला. आहे, असे सांगून भगवंतांनी विहाराकडे माणूस पाठविण्यास सांगितले.