लसणाची पात आणि आपले मुळशी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आपल्या अध्यक्षबाईंचा निरोप आला तेव्हा मी गोंधळून गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. राजांचा आणि लढायांचा इतिहास विद्वानांनी लिहावा. परंतु चुलीजवळचाही एक इतिहास असतो, आणि तो आपण बायकांनी नाही सांगायचा तर कोणी? म्हणून लसणाच्या पातीविषयी चार शब्द लिहीत आहे.

लसूण फार जुना. आयुर्वेदात त्याला 'रसोन' म्हणतात. सहा रसांपैकी एक आंबट रस तेवढा त्यात उणा, म्हणून हे नाव. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश ग्रंथात तर त्याच्या एकेका भागाची चव सांगितली आहे. मूळ तिखट, पान कडू, दांडा तुरट आणि दांड्याचे टोक खारट! म्हणजे आपल्या पूर्वजांनी नुसता गड्डा खाल्ला नाही, पात आणि दांडाही चाखून पाहिला होता. काश्मीर-हिमाचलाकडच्या थंडीत होणाऱ्या काही लसणांना लांब फुलदांडा येतो. आपल्याकडच्या लसणाला तो क्वचितच दिसतो. आलाच तर कोवळा असताना मोडून भाजीत घालावा. आपल्याला खरी मिळते ती पात.

लसणाची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याला मेथी-कोथिंबिरीसारखे बी धरत नाही. पाकळी लावावी तेव्हाच रोप येते. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने भीमा ओंकार, भीमा पर्पल अशा सुधारलेल्या जाती दिल्या, त्याही पाकळीनेच लावाव्या लागतात. म्हणून घरचे वाण एक वर्ष जरी चुकले तरी ते गेलेच म्हणून समजावे.

आमच्या घरच्या वाणाची हकीकत आजेसासूबाई सांगत. मुंबईला वीज देण्यासाठी मुळा नदीवर धरण बांधायचे ठरले. 1921 च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती ह्याच लढ्यात. मावळे लढले, बायाही पुढे झाल्या, तुरुंग भोगले. 1924 पर्यंत लढा चालला, पण अखेर धरण झाले आणि भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली गेली. आजेसासूबाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या. भांडीकुंडी बैलगाडीत भरली गेली. त्यांच्या आईने मात्र परड्यातल्या लसणाच्या दोन वेण्या गाडीत न टाकता पदरात बांधून घेतल्या. “जमीन काही पदरात बांधता येत नाही, लसूण येतो,” असे ती म्हणाली म्हणे. पुढे लग्न होऊन सासरी येताना आजेसासूबाईंनी तेच वाण इथे आणले.

भात कापून झाले की दिवाळीच्या सुमारास आम्ही परड्यात पाकळ्या लावतो. पौषात पात हातभर होते. ती सरसकट कापू नये. कडेच्या रोपांची बाहेरची दोन-तीन पानेच खुडावी, मधला कोंब राखावा, कारण पानांच्या बळावरच गड्डा भरतो. पात, हिरवी मिरची, मीठ आणि भाजलेले शेंगदाणे ह्यांचा ठेचा तांदळाच्या भाकरीबरोबर फार गोड लागतो. पिठल्यात पात घालायची ती शेवटी, नाहीतर वास उडून जातो. खुडलेली पात धुऊन ठेवू नये. कोरडीच फडक्यात गुंडाळावी, म्हणजे तीन-चार दिवस टिकते. जास्त असेल तर सावलीत वाळवून मिठाबरोबर कुटून बरणीत भरावी. ओला लसूण किंवा पात तेलात बुडवून मात्र फळीवर ठेवू नये. त्यातून विषबाधा होण्याचे भय असते.

गड्डे पातीसकट वाळवून त्यांच्या वेण्या घालायच्या आणि चुलीवरच्या वाशाला टांगायच्या. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पण धुरामुळे गड्ड्यांना दमटपणा लागत नाही. शिवाय आमचे घर माळकरी. कांदेनवमीनंतर चार महिने लसणाला हात लावायचा नाही. त्यामुळे बियाणे आपसूकच राखले जाई.

आता माझी चूक सांगते. 2024 साली लसूण किलोला 400 रुपयांच्या वर गेला. चातुर्मास संपला तेव्हा घरात पाहुण्यांची वर्दळ होती. विकत कशाला आणायचा, म्हणून मी वाशावरची बियाणाची शेवटची वेणीही काढून संपवली. लावणीच्या वेळी सासूबाईंनी वर पाहिले. वासा रिकामा. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. धरणाने जे बुडवले नव्हते ते मी फोडणीत घालून संपवले होते!

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला निरोप धाडला. तिच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी तिच्या ओटीत ह्याच वाणाची एक वेणी घातली होती, आणि तिने ती दरसाल लावून जपली होती. तिने चार गड्डे पाठवले. त्याच वाणाची पात आज माझ्या परड्यात उभी आहे.

तेव्हापासून एक गोष्ट मला पटली. वाण कुलुपात राखले जात नाही, ते वाटल्याने राहते. एकीचे गेले तर दुसरीकडे सापडते. म्हणून वर्धापनदिनाला येताना मी एक वेणी घेऊन येणार आहे. प्रत्येकीने एकेक गड्डा न्यावा, पाकळ्या लावाव्या आणि पुढच्या वर्षी आणखी एकीला द्यावा, एवढीच माझी विनंती.