टू आणि अँड : एका जोडणीची कुळकथा

‘शी लर्न्ड टू रीड अँड राइट’ या साध्या इंग्रजी वाक्यात शिकलेल्या क्रिया दोन आहेत, पण ‘टू’ एकच आहे. ‘रीड’ आणि ‘राइट’ ही दोन्ही इन्फिनिटिव्ह, म्हणजे काळ, पुरुष वा वचन न दाखवणारी क्रियापदाची रूपे असून ‘अँड’ या उभयान्वयी अव्ययाने ती जोडली गेली आहेत. एका ‘टू’ने दोन क्रियापदांचे काम भागवण्याची ही सवय इंग्रजीला मुळापासून नव्हती, ती लागण्यापूर्वी त्या भाषेतील क्रियापदांचे प्रत्यय झिजून जावे लागले.

अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत ‘पिणे’ या अर्थी ‘द्रिंकन’ असे रूप होते, आणि ते ‘टू’शिवायच वापरले जाई. प्रयोजन सांगायचे असले की त्याच रूपाला नामाप्रमाणे चतुर्थीचा प्रत्यय लागून ‘टो द्रिंकेन्ने’, म्हणजे ‘पिण्यासाठी’, असे रूप होई. ‘टो’ हा तेव्हा दिशा आणि हेतू दाखवणारा, नामाआधी येणारा संबंधदर्शक शब्द होता. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये, कारण ‘वाचायला’, ‘प्यायला’ या रूपांतला ‘ला’ हाही चतुर्थीचाच प्रत्यय आहे. ‘ती वाचायला आणि लिहायला शिकली’ असे म्हणताना मराठी जसा तो दोनदा लावते, तसाच जुन्या इंग्रजीतही अशी दोन रूपे जोडताना ‘टो’ सहसा दोन्हींच्या आधी येई. शब्द आणि प्रत्यय यांची गाठ इतकी पक्की होती की एकाला वगळून दुसरा उभा राहत नसे.

ही गाठ सुटली ती उच्चाराच्या झिजेमुळे. इंग्रजी शब्दांतील आघात आरंभीच्या अवयवावर येत असल्याने शेवटचे स्वर दुबळे होत गेले. ‘-अन’ आणि ‘-एन्ने’ हे दोन्ही शेवट आधी ‘-एन’ या एका रूपात मिसळले, मग नुसता ‘-ए’ उरला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तोही बोलण्यातून गेला. क्रियापद असे उघडे पडल्यावर ‘टू’ ही इन्फिनिटिव्हची ठळक खूण झाली. मात्र तिच्यातला हेतूचा अर्थ इतका फिका पडला की तो पुन्हा भरून काढण्यासाठी ‘फॉर टू’ अशी दुहेरी रचना रूढ झाली. चॉसरच्या लेखनात आणि 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही ती आढळते. उत्तर इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियन लोकांच्या प्रभावाने ‘टू’ऐवजी ‘अ‍ॅट’ वापरले जाई, आणि आजचा ‘अडू’, म्हणजे गडबड, हा शब्द त्याच ‘अ‍ॅट डू’चा अवशेष आहे.

प्रत्ययाशी असलेले बंधन संपल्यावर ‘टू’ला क्रियापदापासून दूर सरकता आले. मध्ययुगीन इंग्रजीतच त्या दोहोंमध्ये क्रियाविशेषण शिरू लागले. इंग्रजीच्या शुद्धतेवर लिहिणारे हेन्री अल्फर्ड यांनी 1864 मध्ये अशा रचनेवर आक्षेप घेतला खरा, पण भाषेच्या इतिहासात त्या आक्षेपाला फारसा आधार नाही. याच मोकळिकीतून एक ‘टू’ दोन क्रियापदांना पुरू लागला. जर्मन ही इंग्रजीची बहीणभाषा असूनही तिथे असे झाले नाही. ‘त्सु’ हा ‘टू’चाच सगोत्र जर्मनमध्ये जोडलेल्या प्रत्येक इन्फिनिटिव्हआधी पुन्हा यावाच लागतो, आणि ‘आउफश्टेएन’ (उठणे) यासारख्या क्रियापदात तर तो ‘आउफत्सुश्टेएन’ असा शब्दाच्या पोटात जाऊन बसतो.

इंग्रजीत मात्र ‘टू’ची पुनरुक्ती ऐच्छिक झाली आणि म्हणूनच तिला अर्थ प्राप्त झाला. ‘ही प्रॉमिस्ड नॉट टू शाउट अँड वेक द चाइल्ड’ या वाक्यात ‘नॉट’ दोन्ही क्रियांवर पसरतो; ओरडून मुलाला जागे करणार नाही, असे ते वचन आहे. ‘वेक’पूर्वी ‘टू’ घातला, तर ओरडणार नाही पण मुलाला उठवीन, असा अर्थ सहज निघतो. व्याकरणाच्या पुस्तकांत पुनरुक्तीकडे केवळ शैलीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. येथे एका लहान शब्दावर वचनाचा आशयच फिरतो.

वाक्यांश लांबले की पुनरुक्तीची गरज आणखी वाढते. भारतीय संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेत संकल्पाची तीन क्रियापदे ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘सिक्युअर’ आणि ‘प्रमोट’ अशी क्रमाने येतात आणि प्रत्येकाआधी ‘टू’ स्वतंत्रपणे येतो. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पहिल्या वाक्यांशात ‘सोशलिस्ट’ आणि ‘सेक्युलर’ हे शब्द घातले, त्यामुळे पहिल्या दोन क्रियापदांतील अंतर वाढले. तरीही वाक्याची बांधणी ढळली नाही, कारण दुसरे क्रियापद पहिल्याच्या ‘टू’वर अवलंबून नव्हते. ‘सिक्युअर’ या क्रियापदानंतर लगेच, न्याय आणि स्वातंत्र्य कोणाला मिळवून द्यायचे हे सांगताना, आणखी एक ‘टू’ आला आहे, आणि तो आजही नामाआधी येणारा जुना चतुर्थीचाच ‘टू’ आहे.