आजारी पाळीव बेडकाची घरगुती शुश्रूषा

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोट आणि मांड्यांखालची पातळ त्वचा ओल्या जागी टेकवून तो पाणी शोषून घेतो. श्वसनाचा काही भागही त्वचेवाटेच चालतो. हाताला राहिलेला साबण, नळाच्या पाण्यातील क्लोरीन, जखमेवर चोपडलेले मलम हे सारे त्याच वाटेने त्याच्या शरीरात उतरते. कुत्र्या-मांजराला मायेपोटी केलेले जे उपचार मानवतात, ते बेडकाच्या जिवावर बेतू शकतात, ते यामुळेच.

परदेशात पाळला जाणारा ऑस्ट्रेलियाचा हिरवा वृक्षबेडूक किंवा दक्षिण अमेरिकेतील शिंगाळा बेडूक दिवसभर निश्चल बसून राहतो. हा आळस आजाराचा नव्हे, कारण हे प्राणी निशाचर आहेत. बेडूक अंग आक्रसून वारंवार जांभया दिल्यासारखे तोंड उघडू लागला की नवखा पाळक घाबरतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो कात टाकत असतो आणि ती गिळतही असतो. वृक्षबेडकाचा रंग हिरव्याचा तपकिरी होणे हेही बहुधा नित्याचेच.

काळजीची लक्षणे निराळी आहेत. अनेक दिवस अन्न नाकारणे, वजन घटणे, अंग फुगणे, कात सतत निघत राहणे, लपण्याची सवय सोडून भर दिवसा उघड्यावर बसणे, ही त्यांपैकी काही. मांड्यांच्या व पोटाच्या आतील बाजूस लाली दिसल्यास जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरल्याचा संभव असतो. उताणा पडलेला बेडूक स्वतःहून सुलटा होत नसेल, तर वेळ फार थोडा उरलेला असतो. यांपैकी कायट्रिड बुरशीचा रोग सर्वांत घातक होय. १९९८ मध्ये तो प्रथम ओळखला गेला. ही बुरशी त्वचेत शिरून क्षारांची देवाणघेवाण बिघडवते. रक्तातील सोडियम व पोटॅशियम घसरते आणि अखेर हृदय बंद पडते. निदानासाठी त्वचेवर कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. नुसत्या डोळ्यांनी ते होत नाही.

आजाराची शंका येताच बेडकाला इतरांपासून वेगळे करावे. हवेसाठी भोके असलेला प्लास्टिकचा साधा डबा, तळाशी रंग व सुगंध नसलेला ओला टिश्यू पेपर आणि लपायला एक आडोसा एवढे पुरते. कागद रोज बदलावा. पांढऱ्या कागदावर विष्ठा, रक्त किंवा उलटी चटकन दिसते, हा त्याचा मोठा फायदा. नळाचे पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवल्यास क्लोरीन उडून जातो, मात्र क्लोरामाइन उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे द्रावण वापरावे. आरओचे पाणी घरोघरी शुद्धतेची खूण मानले जाते. त्यात क्षार फारच कमी असल्याने आजारी बेडकाला त्यात तासन्‌तास बसवणे योग्य नव्हे. वर उल्लेखिलेल्या दोन्ही बेडकांना दिवसा सुमारे २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. वातानुकूलित खोली थंडही असते आणि कोरडीही, तेव्हा डबा तेथे नसावा. हाताळणे अटळ असेल तर पावडरविरहित हातमोजे पाण्याने धुऊन घालावेत.

औषधाच्या बाबतीत मात्र हात आखडताच ठेवावा. वेदनाशामक मलमांत पुष्कळदा बेन्झोकेन असते. बेडकांना भूल देण्यासाठी, तसेच अखेरची सुटका देण्यासाठी पशुवैद्यक हेच द्रव्य वापरतात. डेटॉल जखमेवर लावण्याची सवय तर आपल्याकडे सार्वत्रिक! ऑस्ट्रेलियात उपद्रवी केन टोड मारण्यासाठी लोक तेच फवारत असत. प्रतिजैविके आणि बुरशीनाशके बेडकाच्या वजनाच्या हिशेबाने, तीही उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्यकानेच ठरवावीत. ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला घेतलेली वजनाची नोंद, तापमान आणि शेवटचे अन्न कधी घेतले याचा तपशील सोबत नेल्यास त्यांचे काम सोपे होते.

रेती किंवा खडे गिळल्याने पोट अडले असल्यास कोमट, उथळ पाण्यात काही मिनिटे बसवल्याने कधी कधी मार्ग मोकळा होतो. आजारी बेडकाच्या तोंडात बळेच अन्न कोंबू नये. हाडे मऊ पडणे हा आजार मात्र मुळात आहारातून उद्भवतो. पाळकाने रातकिडे कॅल्शियम व जीवनसत्त्व ड-३ची भुकटी न लावता दिल्यास असे घडते.

घरातील लहान मुलांना या डब्यापासून दूर ठेवावे. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात पाळीव आफ्रिकी बुटक्या बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ पसरली होती आणि तिची झळ विशेषतः मुलांना बसली. डबा स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये. त्यातील पाणी बागेत किंवा नाल्यात न ओतता आधी ब्लीचने निर्जंतुक करावे, अन्यथा बुरशी रानातल्या बेडकांपर्यंत पोहोचू शकते. बरा न होणारा बेडूक तळ्यात सोडून देण्यात दया नाही. त्याला फ्रीजरमध्ये ठेवून संपवण्याची पाळकांमधील जुनी रीतही वेदनारहित मानली जात नाही. ती वेळ आलीच तर पशुवैद्यकाकडूनच भूल देऊन त्याची सुटका करवून घ्यावी.