गोंधळ्याचा शिधा

गोंधळ्याला पैसे कोण देतो, याचं उत्तर आमच्या तुळजापूर तालुक्यात तीन-चार पिढ्यांत पार बदलून गेलं. महाविद्यालयात मराठी शिकवत असताना मला विद्यार्थ्यांबरोबर गोंधळ बसवावा लागला, तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे आहे.

आजोबांच्या काळी गोंधळी गावच्या अलुतेदारांत मोडायचा. घरं वाटून घेतलेली असत. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. घरात लग्न झालं की कुळधर्माचा गोंधळ ठरलेलाच. तांदळाचा चौक भरायचा, वर कलश, शेजारी पेटती दिवटी. गळ्यात कवड्यांची माळ, साथीला संबळ, तुणतुणं, झांज. आधी ठिकठिकाणच्या देवांना गोंधळाला यायचं आवतण, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. सकाळी यजमान शिधा द्यायचा, खण द्यायचा, दक्षिणा द्यायचा. सुगीत खळ्यावर धान्य मिळायचं ते वेगळं. बापाच्या मागे झांज धरून उभं राहणारं पोरही त्याच धान्यावर वाढायचं. त्या शिध्यात कलावंताचं पोट होतं आणि पुढच्या कलावंताचं शिक्षणही होतं.

तुळजापूरच्या देवळात मान कुणाचा, सेवा कुणाची, हे निजामाच्या राजवटीत 1909 साली ‘देऊल-ए-कवायत’ करून लिहून ठेवलं गेलं. आजही वाद झाला की त्याच कवायतीकडे बोट दाखवतात. खेड्यापाड्यातल्या गोंधळ्याचा हक्क मात्र यजमानाच्या शब्दावर चालला, आणि खळी ओस पडू लागली तसा तो शब्दही विरला. 1972 च्या दुष्काळात तर देणाऱ्याच्याच घरात दाणा नव्हता.

सरकारचा पैसा आला तो म्हातारपणासाठी. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन द्यायची योजना 1954-55 ची. तेव्हा आपला धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आला 1956 ला. आज तीच योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि 2024 पासून सर्वांना महिना 5,000 रुपये देते. पन्नाशी उलटलेल्या कलावंताला हा आधार मोठा आहे, त्याबद्दल मी कृतज्ञच आहे. पण त्यातून शिष्य घडत नाही. केंद्राच्या गुरुशिष्य योजनेत गुरूला आणि शिष्याला दोघांनाही दरमहा रक्कम असते, म्हणजे ती खळ्यावरच्या धान्याच्या सर्वांत जवळची. ती आमच्या वाड्यावस्त्यांवर फार थोड्यांना ठाऊक आहे.

विद्यापीठ या गोष्टीत आलं ते अभ्यासक म्हणून. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि डॉ. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या प्राध्यापकाने गोंधळ, भारूड, जागरण हे विद्येचे विषय आहेत, हे आम्हा मराठीच्या शिक्षकांना पटवून दिलं. पुढे युवक महोत्सव आले. रात्रभराचा गोंधळ लोकनृत्य म्हणून दहा मिनिटांत बसवायचा! पोरं उड्या छान मारायची, संबळ मात्र ध्वनिफितीवर वाजायचा. ते मला सहन होईना, म्हणून मी शेजारच्या गावातल्या एका वृद्ध गोंधळ्याला शिकवायला बोलावलं.

त्यांनी पहिल्या दिवशी पोरांना नाचू दिलं नाही. संबळ कमरेला बांधायला लावला. एक काठी सरळ, दुसरीचं टोक वाकडं. कुठली कुठे पडते एवढंच दिवसभर. मग आवतण. एका विद्यार्थिनीने ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं आणि त्यात येणारी देवस्थानं नकाशावर मांडली. कागद पाहून बाबा म्हणाले, “ह्यातली निम्मी गावं माझ्या बापानं पायी केलीत.” तिच्या नकाशामुळे त्यांना मागे पडलेली आणखी नावं आठवली, तीही तिने भरली. मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत खरं संशोधन ते. बाबांचं मानधन काढायची वेळ आली तेव्हा महाविद्यालयाच्या हिशेबात त्यांना बसेल असा रकानाच सापडला नाही. वेशभूषेला पैसे होते, प्रवासाला होते, शिकवणाऱ्याला नव्हते. शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी केली.

आज परिस्थिती तशी नाही, म्हणून तर हे लिहितो आहे. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ दिलं आहे. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर 2004 पासून आहे, तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1986 पासून आहे. देवीच्या संस्थानाने तर अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. म्हणजे देवीच्या दारातला पैसा विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ शकतो, हे सिद्धच झालं आहे. नवोपक्रम म्हणजे फक्त यंत्र आणि ॲप, असं धरून चाललो तर हा पैसा गोंधळ्याच्या ओसरीवर कधीच पोचणार नाही.

माझी मागणी साधी आहे. एक गोंधळी, त्याचा एक साथीदार आणि पाच विद्यार्थी, असं पथक धरून पूर्ण वर्षाचं अनुदान द्या. गुरूची रक्कम दरमहा थेट त्याच्या खात्यात टाका. जे ध्वनिमुद्रण, लेखन, नकाशे होतील त्यांची एक प्रत विद्यापीठात आणि एक गोंधळ्याच्या घरी ठेवा, त्यावर त्याचं नाव आधी घाला. उपपरिसरातल्या प्राध्यापकांनो, येत्या नवरात्राआधी असा एक तरी प्रस्ताव पाठवा; कागदपत्रं लिहून द्यायला मी तयार आहे.