वारं, सक्ता आणि गुठळी

नायगावात कुणाला पक्षाघात झाला की 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. उर्दू बोलणाऱ्या घरांत त्यालाच 'फालिज' किंवा 'लकवा' म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून या शब्दांकडे माझं लक्ष जातं. आजाराला आपण जे नाव देतो, त्यावर आधी कुठे धावायचं हे ठरतं. वारं म्हटलं की घरात तेलाची बाटली शोधतात. गुठळी म्हटलं की रिक्षा बोलावतात.

युनानी वैद्यकात हे शब्द वेगवेगळे आहेत. लकवा म्हणजे तोंड वाकडं होणं, फालिज म्हणजे अर्धं अंग लुळं पडणं आणि सक्ता म्हणजे माणूस एकाएकी निपचित पडणं. इब्न सीना १०३७ मध्ये वारले. त्यांच्या 'कानून' या ग्रंथात सक्त्याचं कारण म्हणून मेंदूतल्या वाटा तुंबण्याचा विचार आहे. वाट अडवणारा पदार्थ त्यांनी कफ-रक्ताच्या भाषेत सांगितला. पण अडथळ्याची कल्पना तिथे आहेच.

१६५८ मध्ये योहान वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनातून मेंदूतला रक्तस्राव दाखवला. १८४०च्या दशकात बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी दाखवलं, की एके ठिकाणी झालेली गुठळी रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे अडकते. म्हणजे झटका दोन प्रकारचा: नस फुटल्याचा आणि नस तुंबल्याचा. २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका वॉर्डात डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी नोंदणी केली, तेव्हा पहिल्यांदाच झटका आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण नस तुंबल्याचे निघाले.

तुंबलेली नस मोकळी करण्याचा खात्रीचा पुरावा १९९५ मध्ये आला. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेले जास्त रुग्ण पुन्हा आपल्या पायावर उभे राहिले. पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. तरी एकाच औषधाने कुणाची गुठळी विरघळे, कुणाची नाही. असं का?

उत्तर गुठळीतच होतं. पूर्वी ती शवविच्छेदनातच हाती येई. २००४ मध्ये अमेरिकेत नसेतून तार घालून गुठळी ओढून काढायच्या उपकरणाला मंजुरी मिळाली आणि जिवंत माणसाची गुठळी सूक्ष्मदर्शकाखाली आली. लाल पेशी जास्त असलेली गुठळी तुलनेने लवकर विरघळते. फायब्रिनच्या धाग्यांनी घट्ट विणलेली दाद देत नाही. लांबीही महत्त्वाची. २०११ मध्ये जर्मन डॉक्टरांना आढळलं, की आठ मिलिमीटरहून लांब गुठळी नुसत्या इंजेक्शनने जवळजवळ कधीच विरघळत नाही. अशा मोठ्या गुठळ्या ओढून काढणं फायद्याचं ठरतं, हे २०१५ मध्ये नेदरलँड्ससह अनेक देशांतल्या चाचण्यांनी सिद्ध केलं.

नस फुटली असेल तर हेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो, आणि तो घरी होत नाही. झटका कोणता हे कळेपर्यंत घरातली ॲस्पिरिनही देऊ नये.

नायगावहून भाईंदर रेल्वेने एकच स्टेशन; पण गाडीने जायचं तर महामार्ग गाठून वर्सोवा पुलावरून वळसा पडतो. तुंबलेल्या मोठ्या नसेमागे मेंदूच्या मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे. तेव्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. अंगावरून वारं गेलं असं खुशाल म्हणा. पण वागा गुठळी अडकल्यासारखं.