११ मे : उशिरा आलेली माफी

११ मे म्हटलं की आपल्याला १९९८चं पोखरण आठवतं. बरोबर वर्षाने, ११ मे १९९९ रोजी, आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या निवासी शाळांत ज्या मुलांचा छळ झाला, त्यांची. त्यातली कित्येक मुलं तोवर म्हातारी झाली होती. पत्रकार मेरी राफ्टरी यांच्या याच छळावरच्या ‘स्टेट्स ऑफ फिअर’ या मालिकेचा शेवटचा भाग त्याच रात्री दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. सरकारला जाग कशाने आली, हे वेगळं सांगायला नको. २००२मध्ये भरपाईचा कायदा झाला. पण त्याच वर्षीच्या करारात धर्मसंघांचा वाटा १२ कोटी ८० लाख युरोंवर थांबला आणि उरलेला बोजा करदात्यांच्या माथी आला. या छळाच्या चौकशीचा २००९चा रायन अहवाल पाच खंडांचा. एक धर्मसंघ कोर्टात गेल्यामुळे त्यात छळ करणाऱ्यांची खरी नावं नाहीत.

उशीर आपल्याकडेही झाला. शेजारी गोव्यात अनाथाश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स मुलांच्या लैंगिक शोषणासाठी १९९१मध्ये पकडला गेला, १९९६मध्ये त्याला जन्मठेप झाली. गोव्याचा बालकायदा त्यानंतरचा, २००३चा. देशभरासाठी बाललैंगिक अत्याचारांविरुद्धचा ‘पॉक्सो’ कायदा लागू व्हायला मात्र २०१२चा बालदिन उजाडावा लागला.